समाजमाध्यम व्यवस्थापकाची निवड : चतुष्पादाच्या आधारे काही विचार

प्रस्तावना

रुग्ण वैद्याकडे कसा येतो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच बदलले आहे. पूर्वी चिकित्सालयाची पाटी, शेजाऱ्याने दिलेला हवाला आणि गुण आलेल्या रुग्णाचा शब्द ही तीन साधने पुरेशी होती. आजही तिसरे साधन सर्वांत बलवान आहे. परंतु नाव ऐकल्यावर रुग्ण प्रथम मोबाइलवर त्या नावाचा शोध घेतो, गुगलच्या नकाशावर पत्ता व वेळ पाहतो, इतरांचे अभिप्राय वाचतो, आणि मगच दूरध्वनी करतो. औषधी विक्रेते व लहान फार्मसीचालक यांचाही अनुभव असाच आहे.

दिवसभर रुग्ण पाहणाऱ्या वैद्यास या सर्व गोष्टींकडे लक्ष देणे शक्य होत नाही. त्यामुळे हे काम पाहणारी व्यक्ती, म्हणजेच ज्यास सर्वत्र सोशल मीडिया मॅनेजर म्हटले जाते असा समाजमाध्यम व्यवस्थापक, नेमण्याकडे कल वाढत आहे. ही नेमणूक बहुधा घाईत होते. कोणी ओळखीचा तरुण भेटतो, दरमहाची रक्कम ठरते, पासवर्ड दिला जातो आणि काम सुरू होते. कोणाची निवड करावी, कोणते काम द्यावे, कोणते देऊ नये आणि दायित्व कोणाचे, या प्रश्नांचा विचार मागे राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा शास्त्र, कायदा व व्यवहार या तिन्ही अंगांनी विचार केला आहे.

शास्त्रदृष्टी

स्वतःची माहिती लोकांपुढे मांडणे शास्त्रास मान्य आहे काय, ही शंका अनेक ज्येष्ठ वैद्यांच्या मनात असते, आणि ती रास्त आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय विशिखानुप्रवेशनीय या नावाचा आहे. शास्त्राध्ययन, कर्मदर्शन व कर्माभ्यास पूर्ण केलेल्या वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन, नखे व केस कापून, शुचिर्भूत होऊन, स्वच्छ वेशात व्यवसायाच्या मार्गावर पाऊल टाकावे, असा त्याचा आशय आहे. लोकांसमोर जाणे सुश्रुताचार्यांना मान्य आहे. मात्र त्यापूर्वी योग्यता, अनुज्ञा आणि शुचिता या तीन अटी त्यांनी घातल्या आहेत.

उलट बाजू चरकसंहितेत पाहावयास मिळते. सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर व रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. रोगाभिसर वैद्य वैद्याचा वेश घेऊन फिरतो, कोणी आजारी आहे असे कळताच धावत जातो, ऐकू जाईल अशा रीतीने स्वतःचे गुण सांगतो आणि आधी उपचार करणाऱ्या वैद्याचे दोष वारंवार उगाळतो. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास केलेल्या उपदेशात, ज्ञान असूनही स्वतःच्या ज्ञानाची फार प्रौढी मिरवू नये आणि रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, असे दोन नियम आहेत. आजच्या समाजमाध्यमांवरील किती मजकूर या दोन नियमांच्या कसोटीस उतरेल, याचा विचार प्रत्येकाने स्वतःपुरता करावा.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की माहिती देणे शास्त्रसंमत आहे, आत्मस्तुती व परनिंदा नाही. व्यवस्थापक नेमताना त्यास पहिल्या दिवशी सांगावयाची गोष्ट हीच आहे. बहुतेक व्यवस्थापक कपडे, खाद्यपदार्थ किंवा घरबांधणी यांच्या जाहिराती करून आलेले असतात. त्या व्यवसायांत आत्मस्तुती हाच नियम असतो. आपल्याकडे तो अपवादासही चालत नाही, हे त्यांना आपोआप कळत नाही.

नेमणूक खरोखर आवश्यक आहे काय?

निदानापूर्वी चिकित्सा नको, हा नियम येथेही लागू आहे. प्रथम गरज ठरवावी.

एकट्या वैद्याच्या लहान चिकित्सालयास सामान्यतः पुढील गोष्टी पुरतात : गुगलवरील नोंद अचूक असणे, त्यावर वेळा व सुट्ट्या वेळोवेळी बदलणे, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर पत्ता, वेळ व भेट ठरविण्याची पद्धत यांचे तयार उत्तर ठेवणे, आणि महिन्यातून दोन-चार वेळा ऋतुचर्येसंबंधी उपयुक्त माहिती देणे. हे काम महिन्यातील चार-पाच तासांचे आहे. त्यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमण्याऐवजी चिकित्सालयातील स्वागतकक्ष सांभाळणाऱ्या साहाय्यकास थोडे शिक्षण व थोडा अधिक मोबदला देणे श्रेयस्कर. त्यास रुग्ण माहीत असतात आणि वैद्यांचा स्वभावही माहीत असतो.

पंचकर्म केंद्र, दोन-तीन शाखा असलेले चिकित्सालय, स्वतःची उत्पादने असलेली फार्मसी किंवा बाहेरगावी औषधे पाठविणारे दुकान यांना मात्र नियमित काम करणारी व्यक्ती लागते. त्यांच्यापुढे तीन पर्याय असतात.

१. पगारी नोकर : सर्वांत अधिक नियंत्रण राहते, परंतु खर्चही सर्वांत अधिक. रोजचे काम असेल तरच हा पर्याय परवडतो.

२. स्वतंत्रपणे काम करणारी व्यक्ती : खर्च मर्यादित आणि संपर्क थेट. मात्र ती व्यक्ती आजारी पडली वा दुसरीकडे गेली तर काम थांबते. लेखी करार नसल्यास सर्वाधिक वाद याच प्रकारात होतात.

३. एजन्सी : चित्रे, चित्रफिती, लेखन सर्व एका ठिकाणी मिळते. परंतु प्रत्यक्ष काम कोणाच्या हातून होते हे आपणास कळत नाही, आणि एकच साचा अनेक चिकित्सालयांस वापरला जाण्याचा संभव असतो. प्रत्यक्ष लिहिणाऱ्या व्यक्तीस भेटल्याशिवाय एजन्सीशी करार करू नये.

उपस्थात्याचे चार गुण

चरकसंहितेच्या खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद आणि प्रत्येकाचे चार गुण सांगितले आहेत. व्यवस्थापक हा चिकित्सेचा पाद नव्हे. परंतु तो वैद्य व रुग्ण यांच्यामध्ये उभा असतो, रुग्णाचा पहिला प्रश्न त्याच्या हाती पडतो, आणि रुग्णाची खासगी माहिती त्याच्या नजरेखालून जाते. या अर्थाने त्याचे स्थान उपस्थात्याच्या जवळचे आहे. म्हणून उपस्थात्याचे चार गुण निवडीचे निकष म्हणून वापरता येतात.

उपचारज्ञता : आपले काम येणे. उमेदवारास मराठी शुद्ध लिहिता आले पाहिजे, साधी चित्रफीत तयार करता आली पाहिजे आणि प्रत्येक माध्यमाची रीत माहीत असली पाहिजे. आयुर्वेदाचे ज्ञान त्यास असणे आवश्यक नाही, परंतु आपणास ते नाही याची जाणीव असणे अत्यावश्यक आहे. परीक्षेसाठी एक सोपा उपाय आहे. वर्षा ऋतुचर्येवरील एक पान वाचावयास द्यावे आणि त्यातून सामान्य वाचकासाठी सहा ओळी लिहावयास सांगाव्यात. ज्याने पानावर नसलेले दावे स्वतःच्या मनाने घातले, तो कितीही चतुर असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. ज्याने एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, त्यास एक गुण अधिक द्यावा.

दाक्ष्य : तत्परता. पंचकर्म विभाग दोन दिवस बंद आहे ही सूचना तिसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाली तर तिचा उपयोग नाही. पूर्वी केलेल्या कामाचे नमुने पाहावेत आणि ज्यांच्यासाठी ते काम केले त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे. अनुयायांची संख्या पाहून भुलू नये. ती विकतही मिळते.

अनुराग : ज्याचे काम करतो त्याच्याविषयी व रुग्णाविषयी आस्था. एकाच वेळी आपल्या गल्लीतील दुसऱ्या चिकित्सालयाचे काम पाहणारी व्यक्ती टाळावी. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, रुग्णाच्या प्रश्नाकडे केवळ प्रतिसादाचा आकडा म्हणून पाहणारी व्यक्ती टाळावी.

शौच : येथे अर्थ व्यवहाराची शुद्धता. खोटे अभिप्राय लिहविणे, अनुयायी विकत घेणे, दुसऱ्याची छायाचित्रे उचलणे, सूट देऊन पाच तारे मागणे, या गोष्टी तो सहज सुचवत असेल तर तेथेच बोलणे थांबवावे. मोबदला देऊन अभिप्राय मिळविणे गुगलच्या नियमांतही बसत नाही. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे, ते ऐच्छिक असले तरी मार्गदर्शक आहे.

कायद्याची चौकट

व्यवस्थापकाने लिहिलेल्या मजकुराचे दायित्व कोणाचे, हा या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. नोंदणी क्रमांक वैद्याच्या नावे असतो, उत्पादन परवाना फार्मसीच्या नावे असतो. व्यवस्थापकाकडे यांपैकी काहीच नसते. मजकूर त्याने लिहिला, हे उत्तर नोटीस आल्यावर पुरत नाही.

औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा या विषयातील मुख्य कायदा. कलम ३ अन्वये गर्भपात व गर्भनिरोध, कामशक्ती, मासिक पाळीचे विकार आणि अनुसूचीतील रोग यांचे निदान, उपचार, शमन वा प्रतिबंध यासाठी औषध उपयुक्त असल्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. अनुसूचीत ५४ नोंदी आहेत. आपल्या नित्याच्या व्यवहारातील मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, संधिवात, पक्षाघात, मुतखडा, स्थौल्य, स्त्रीवंध्यत्व, श्वेतकुष्ठ, अपस्मार, मोतीबिंदू, कर्करोग हे सर्व त्यात आहेत. उंची वाढविण्याचा दावाही त्यात आहे. कलम ४ दिशाभूल करणाऱ्या औषधी जाहिरातींविषयी असून त्यास अनुसूचीची मर्यादा नाही. म्हणजे केशपतन किंवा आम्लपित्त यादीत नाही म्हणून वाटेल तो दावा करता येत नाही. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही अशी तरतूद आहे.

हा कायदा छापील जाहिरातींचा असून मोबाइलवरील मजकुरास लागू नाही, असा गैरसमज आढळतो. कायद्यातील जाहिरात या शब्दाच्या व्याख्येत पत्रक, लेबल, वेष्टन यांबरोबरच तोंडी केलेली किंवा प्रकाश, ध्वनी वा धूर निर्माण वा प्रक्षेपित करण्याच्या कोणत्याही साधनाने केलेली घोषणा समाविष्ट आहे. तीस सेकंदांची चित्रफीत या व्याख्येत सहज बसते. शिवाय प्रसिद्धीत कोणत्याही प्रकारे भाग घेणाऱ्यासही हा कायदा लागू असल्याने व्यवस्थापकही पूर्णपणे सुटत नाही. हे त्यास नेमणुकीच्या वेळीच सांगावे.

दुसरा गैरसमज कलम १४ मधील सवलतींविषयी आहे. नोंदणीकृत वैद्यास अनुसूचीतील रोगावर येथे उपचार केले जातात असा फलक स्वतःच्या जागेत लावण्याची मुभा या कलमात आहे. ही मुभा जागेतील फलकापुरती आहे. त्याच फलकाचे छायाचित्र व्यवस्थापकाने फेसबुकवर टाकले, तर ती सवलत त्याच्यासोबत जाते असे गृहीत धरू नये. फार्मसी वैद्यांना पाठविते त्या माहितीपत्रकांचेही तसेच. केवळ नोंदणीकृत वैद्यांच्या उपयोगासाठी असा उल्लेख असलेले व गोपनीय रीतीने पाठविलेले पत्रक कायद्यास मान्य आहे. तेच पत्रक वैद्याच्या साहाय्यकाने सर्वांसाठी प्रसिद्ध केले की त्याचे स्वरूप बदलते. औषधी कंपनीचे पत्रक जसेच्या तसे पुढे पाठविणे, ही चूक लहान चिकित्सालयांच्या पानांवर सर्वाधिक दिसते.

नियम १७० विषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीस पूर्वमान्यता घेण्याचा हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमांत घालण्यात आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संबंधित याचिका निकाली काढताना ही स्थगिती उठविली. पूर्वमान्यतेची अट गेली म्हणून दाव्यांस मोकळीक मिळाली, असा अर्थ काढू नये. १९५४ चा कायदा जसाच्या तसा आहे. २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या उल्लंघनाविषयी नागरिकांना तक्रार करता यावी यासाठी राज्यांनी यंत्रणा उभारावी असा आदेशही दिला आहे.

याखेरीज ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादक वा पुरस्कर्ता यांस केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे पैसे घेऊन शिफारस करणाऱ्याने ते संबंध उघड करावेत असे सांगतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यविषयक मजकुरासाठी आणखी सूचना आल्या. त्यानुसार आरोग्यविषयक माहिती देणाऱ्या पात्र वैद्यकाने आपली पात्रता सांगावी, आणि तज्ज्ञ असल्यासारखे बोलणाऱ्या इतर प्रभावकांनी आपले बोलणे वैद्यकीय सल्ल्याचा पर्याय नाही हे स्पष्ट करावे, असे अपेक्षित आहे. म्हणून चित्रफितीत औषधीविषयी बोलणारी व्यक्ती शक्यतो स्वतः वैद्यच असावी.

मजकुराचे तीन वर्ग

व्यवस्थापकास रोज कायदा वाचणे शक्य नाही. त्यास वापरता येईल अशी सोपी विभागणी करून द्यावी.

पहिला वर्ग, विनाविलंब प्रसिद्ध करण्याचा : वेळा, सुट्ट्या, पत्ता, वाहन उभे करण्याची सोय, वैद्यांची पदवी व नोंदणी, सणांच्या शुभेच्छा, धन्वंतरी जयंती व आयुर्वेद दिन यांची सूचना. आयुर्वेद दिन २०२५ पासून धनत्रयोदशीऐवजी दरवर्षी २३ सप्टेंबर रोजी असतो, ही नोंद दिनदर्शिकेत करून ठेवावी.

दुसरा वर्ग, वैद्याच्या लेखी मान्यतेनंतरच प्रसिद्ध करण्याचा : ऋतुचर्या, दिनचर्या, आहारविचार, वनस्पतींची ओळख, पंचकर्माची माहिती, सुवर्णप्राशनाच्या तारखा. येथे साहित्य विपुल आहे. वसंतात वमन, वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन व रक्तमोक्षण या क्रमावरच वर्षभराचे वेळापत्रक बसविता येते. मात्र रोगाची माहिती आणि औषधाची विक्री एकाच मजकुरात आणू नये. मधुमेही व्यक्तीने पायांची काळजी कशी घ्यावी हा लोकशिक्षणाचा विषय आहे. त्याखाली चूर्णाच्या डबीचे चित्र व किंमत आली की ती जाहिरात होते. यंत्राकडून तयार करून घेतलेल्या चित्रांविषयीही सावध असावे. गुडूचीच्या नावाने भलत्याच वेलीचे चित्र तयार होऊ शकते, आणि एखादा वाचक तीच वेल ओळखून कुंपणावरून तोडून आणू शकतो. वनस्पतीचे छायाचित्र वैद्याने ओळखून दिलेलेच असावे. मात्रा सार्वजनिक मजकुरात देऊ नये, रसकल्पांची तर मुळीच नाही.

तिसरा वर्ग, कधीही प्रसिद्ध न करण्याचा : हमखास, मुळापासून, शंभर टक्के, दुष्परिणामरहित हे शब्द, अनुसूचीतील रोगांवर औषधाचा दावा, उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, अन्य वैद्यकपद्धतीची निंदा, आणि चालू असलेली औषधे बंद करण्याचा कोणताही सल्ला.

प्रश्नाचे उत्तर कोणी द्यावे?

मजकूर प्रसिद्ध करणे हा कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग त्याखाली येणाऱ्या प्रश्नांचा असतो, आणि खरा धोका तेथे आहे.

असे समजू या, की आहारविषयक एका साध्या चित्रफितीखाली एखादी माता रात्री अकरा वाजता विचारते, माझ्या दहा वर्षांच्या मुलास इन्सुलिन चालू आहे, तुमचे औषध सुरू केले तर ते बंद करता येईल काय? व्यवस्थापकास प्रतिसाद लवकर देण्याची सवय असते. तो सद्भावनेने, हो, अवश्य भेटा, आयुर्वेदात उपाय आहे, असे लिहितो. त्या मातेने वाचलेला शब्द हो हा असतो. बालवयातील इन्सुलिनावलंबी मधुमेहात इन्सुलिन थांबविल्यास काही दिवसांत, कधी काही तासांतच, प्राणावर बेतू शकते. चित्रफितीत काहीही चुकीचे नव्हते. चूक एका शब्दाच्या उत्तरात झाली, आणि ते उत्तर वैद्याच्या नावाने गेले.

म्हणून नियम असा असावा, की व्यवस्थापकाने रोग, औषध, मात्रा, पथ्य यांविषयी एकही उत्तर स्वतः देऊ नये. त्याच्याकडे तीनच तयार उत्तरे असावीत. पहिले, वेळ व पत्ता यांचे. दुसरे, आपल्या प्रश्नासाठी प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे, सध्या चालू असलेली कोणतीही औषधे आपल्या वैद्यकांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत, असे. तिसरे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, रक्तस्राव, श्वासाचा त्रास, आत्मघाताचा विचार असे काही दिसल्यास त्वरित जवळचे रुग्णालय गाठावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, असे. तिसरे उत्तर दिल्यावर वैद्यास तत्काळ दूरध्वनीने कळवावे. हा एक नियम पाळला गेला, तरी या लेखाचा हेतू साध्य झाला असे मानता येईल.

रुग्णाची खासगी माहिती

रुग्णांनी पाठविलेले अहवाल, छायाचित्रे व प्रश्न ज्या क्रमांकावर येतात तो क्रमांक आणि प्रसिद्धीचा क्रमांक हे वेगळे ठेवावेत. पहिल्या क्रमांकाशी व्यवस्थापकाचा संबंध नसावा. पंचकर्म कक्षात त्यास परवानगीशिवाय प्रवेश नसावा. अभ्यंग वा शिरोधारा दाखवायचीच असल्यास रुग्णाऐवजी कर्मचाऱ्याच्या साहाय्याने, त्याच्या संमतीने चित्रण करावे. रुग्णाचे मनोगत घ्यावयाचे असल्यास कोणत्या माध्यमावर, कशासाठी व किती काळ, हे नमूद केलेली लेखी संमती असावी आणि ती केव्हाही मागे घेता यावी. उपचार चालू असलेला रुग्ण संकोचाने हो म्हणतो, हे ध्यानात ठेवावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असल्याने ही शिस्त आताच लावून घेणे हिताचे.

करारातील कलमे

करार दोन पानांचा असला तरी चालेल, परंतु लेखी असावा. त्यात पुढील मुद्दे असावेत.

१. महिन्यात किती लेख, चित्रे व चित्रफिती, आणि कोणत्या भाषेत.

२. दुसऱ्या वर्गातील मजकूर वैद्याच्या लेखी मान्यतेशिवाय प्रसिद्ध न करणे.

३. सर्व खाती चिकित्सालयाच्या ई-मेल व मोबाइल क्रमांकावर उघडणे. गुगल, फेसबुक व यूट्यूब यांवर मालकाखेरीज व्यवस्थापकास वेगळा, मर्यादित अधिकार देता येतो. पासवर्ड देण्याऐवजी तोच द्यावा. मुख्य मालकी कधीही दुसऱ्याच्या नावे नसावी.

४. साहित्याची मालकी. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला स्वामी सामान्यतः मालक असतो, परंतु बाहेरील व्यक्तीच्या लेखनाचे व आरेखनाचे हक्क लेखी हस्तांतराशिवाय आपल्याकडे येत नाहीत. हस्तांतरात कालावधी लिहिला नसेल तर कायदा तो पाच वर्षे धरतो. म्हणून कालावधी स्पष्ट लिहावा.

५. गोपनीयता, आणि काम संपल्यावरही तिचे बंधन.

६. विकतचे अनुयायी, खोटे अभिप्राय व परवानगीविना संगीत यांस मनाई.

७. मोबदला व जाहिरातखर्च वेगळे. जाहिरातीचा पैसा चिकित्सालयाच्या खात्यातून थेट भरावा. करकपात व वस्तू-सेवा कर यांविषयी आपल्या करसल्लागारास विचारावे.

८. एक महिन्याची पूर्वसूचना, आणि काम थांबल्यापासून सात दिवसांत मूळ छायाचित्रांसह सर्व साहित्य परत करणे.

फलाचे मापन

प्रथम तीन महिन्यांची नेमणूक करावी. दृश्यसंख्या व पसंतीचे आकडे हे फल नव्हे. रुग्णनोंदवहीत आमची माहिती कोठून मिळाली, असा एक रकाना वाढवावा व नवीन रुग्णास तो प्रश्न विचारावा. हिशोब सोपा आहे. समजा व्यवस्थापकाचा मोबदला दरमहा ८,००० रुपये व जाहिरातखर्च २,००० रुपये आहे. प्रत्येक भेटीमागे खर्च वजा जाता २५० रुपये उरत असतील, तर हा खर्च भरून येण्यास ४० भेटी हव्यात. एक रुग्ण सरासरी चार वेळा येत असेल, तर दरमहा दहा नवीन रुग्ण या मार्गाने आले पाहिजेत. तीन महिन्यांत ते येत नसतील, तर दोष व्यवस्थापकाचा की अपेक्षेचा, हे शांतपणे तपासावे. वेळ विचारण्यासाठी येणारे दूरध्वनी कमी झाले, जुने रुग्ण ऋतुशोधनासाठी वेळेवर येऊ लागले, हेही फलच आहे व त्याचीही नोंद व्हावी.

सारांश

समाजमाध्यम ही आजची विशिखा आहे. तिच्यावर पाऊल टाकण्यास हरकत नाही, परंतु योग्यता, अनुज्ञा व शुचिता यांच्यासह. गरज ठरवून मगच नेमणूक करावी, उपस्थात्याच्या चार गुणांवर व्यक्ती पारखावी, मजकुराचे तीन वर्ग लिहून द्यावेत, रुग्णाच्या वैद्यकीय प्रश्नाचे उत्तर वैद्यानेच द्यावे, खाती स्वतःच्या नावे ठेवावीत आणि करार लेखी असावा. व्यवस्थापक कितीही कुशल असला तरी त्याने लिहिलेला प्रत्येक शब्द रुग्ण वैद्याचा शब्द म्हणूनच वाचतो, आणि त्यावर विश्वास ठेवून औषध घेतो अथवा सोडतो. ते शब्द आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाऊ नयेत, इतकी दक्षता प्रत्येक वैद्याने व फार्मसीचालकाने घ्यावी.